अहवालात ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ आलंय, आता कुत्र्याचं काय करायचं?

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा ब्रुनो, चार वर्षांचा लॅब्रेडॉर. दोन महिने झाले, अधूनमधून पातळ शी. आधी पाच दिवस मेट्रोनिडाझोल झालं, मग सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शनं, मग एन्रोफ्लॉक्सासिन. दर वेळी चार दिवस बरं, की पुन्हा तेच. शेवटी शौचाचं कल्चर केलं, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघितले. त्यात ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ आलं आणि औषधांच्या यादीपुढे आर, आर, आर, म्हणजे ती औषधं या जंतूवर चालत नाहीत. फक्त ॲमिकासिन आणि मेरोपेनेम या दोन अँटिबायोटिकांपुढे एस, म्हणजे ती चालतात. घरात सात महिन्यांचं रांगतं बाळ आहे, सासूबाईंची मिरजेला किमो चालू आहे. शेजारी म्हणतात, कुत्रं लांब कुठंतरी नेऊन सोडा. कुणीतरी मेरोपेनेमचा कोर्स करून ‘जंतू मुळापासून काढायला’ सांगितलंय.

ताई, दोन गोष्टी आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. ब्रुनोला सोडू नका. आणि मेरोपेनेम देऊ नका.

आता अहवालाकडे वळू. शौचाच्या नमुन्यात ई. कोलाय सापडणं म्हणजे मार्केट यार्डात हळद सापडण्यासारखं आहे. तो तिथं असणारच. ब्रुनोच्या पोटात आहे, माझ्या पोटात आहे, तुमच्या पोटात आहे. शौच कल्चरला पाठवलं की लॅबवाला बिचारा जे उगवलं ते लिहितो, त्यातली एक वसाहत उचलतो, तिच्यावर औषधांच्या चकत्या ठेवतो आणि आर-एसची यादी देतो. ती यादी खोटी नसते. पण ‘या जंतूमुळे जुलाब होताहेत’ असं त्यात कुठंही म्हटलेलं नसतं. तसं आपण वाचतो. ठणठणीत, दिवसभर बॉलमागे पळणाऱ्या कुत्र्याचं शौच पाठवलं असतं, तरी असा अहवाल येऊ शकला असता. म्हणून लघवीचं कल्चर मी हक्कानं मागतो, जखमेचं मागतो, आणि जुनाट जुलाबात शौचाचं साधं कल्चर सहसा मागत नाही. त्यातून उत्तर मिळत नाही, घबराट मिळते.

ईएसबीएल हे जंतूचं नाव नाही. ते जंतूकडचं एक एन्झाइम आहे. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या घराण्यातल्या औषधांच्या गाभ्यात चार अणूंचं एक कडं असतं, आणि औषधाचं सगळं बळ त्या कड्यात. हे एन्झाइम ते कडं तोडतं. कडं तुटलं की सेफ्ट्रायॅक्सोन म्हणजे नुसतं महाग पाणी. मेरोपेनेमचं कडं या एन्झाइमला तुटत नाही, म्हणून तिथं एस आलाय. ते तोडणारी एन्झाइमंही आहेत, आणि त्यातल्या सर्वांत गाजलेल्या एनडीएम-१ च्या नावात आपली दिल्ली आहे.

ही विद्या जंतूकडे येते कुठून? बहुतेक वेळा शेजारच्याकडून. जंतूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएची लहान गोल कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो आणि तिची नक्कल देतो. विरजण दिल्यासारखं. शेजारणीला वाटीभर दिलं म्हणून आपलं दह्याचं भांडं रिकामं होत नाही, आणि तिच्याकडे उद्या सकाळी अख्खं पातेलं लागलेलं असतं. एकाच कडीवर अनेकदा चार-पाच औषधांचे तोडगे एकत्र असतात, त्यामुळे एक औषध वापरलं तरी बाकीच्यांचाही तोडगा सोबत वाढतो. कुत्र्याच्या आतड्यातला जंतू आणि माणसाच्या आतड्यातला जंतू वेगळ्या वाणाचे असले, तरी कडी मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. खरी काळजी आहे ती इथं.

ब्रुनोच्या पोटात हे जंतू एवढे वर का आले, ते तुमच्या प्रश्नातच आहे. दोन महिन्यांत तीन अँटिबायोटिक. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला हे समजवावं लागत नाही. एकच बुरशीनाशक हंगामभर मारत राहिलं की भुरी दाद देईनाशी होते, म्हणून तो औषधं फिरवतो. आतड्यातही तेच, फरक एवढाच की इथं औषध फिरवूनही सुटका नाही, कारण तोडगे एकत्र राहतात. मेट्रोनिडाझोलची गंमत तर वेगळीच. ते ई. कोलायला मारतच नाही. ते मारतं बिनहवेत राहणाऱ्या जंतूंना, म्हणजे आतड्यातल्या सज्जन वस्तीला. घरं रिकामी झाली की कोण घुसतं ते सांगायला नको. कुत्र्याच्या साध्या जुलाबाला, ताप नसेल, खात-पीत असेल, तर अँटिबायोटिक देऊ नये, असं २०२४ च्या युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात. बहुतेक साधे जुलाब चार-पाच दिवसांत आपोआप बरे होतात, आणि श्रेय गोळीला जातं.

हे मी शहाणपणाच्या चौरंगावर बसून सांगत नाही. माझी पहिली अकरा वर्षं तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात गाई-म्हशींवर गेली आणि नंतरची सतरा सांगलीत कुत्र्या-मांजरांवर. सुरुवातीला माझ्या दवाखान्यातही जुलाबाचं कुत्रं आलं की ‘तीन इंजेक्शनं’ ठरलेली असायची. मालकाला इंजेक्शन दिसलं की उपचार झाल्यासारखं वाटायचं, मलाही वाटायचं. तुमच्या डॉक्टरांना नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. आम्ही सगळेच त्यातले.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. तासगावच्या बाजूला एका वस्तीवर एचएफ गाय होती, कासेला दगडी झालेली. सड गरम, दुधात गाठी. मी शिरेतून औषध दिलं, कासेत ट्यूब सोडली आणि नेहमीचं वाक्य बोललो: तीन दिवस दूध डेअरीला घालू नका. गोठ्यातल्या बाईनं लगेच धार काढली आणि ते पिवळट दूध कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या चेपलेल्या भगुल्यात ओतलं. भगुलं कुत्र्याचं. मुधोळच्या रक्ताचा एक लांब तोंडाचा कुत्रा आला, चाटून-पुसून गेला. बाई म्हणाली, “वाया कशाला घालवायचं?” आणि मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. डेअरीत दूध गेलं नाही, म्हणजे आपलं काम चोख झालं. त्या कुत्र्यानं तीन दिवस, दिवसातून दोनदा, थोडं थोडं अँटिबायोटिक पोटात घेतलं होतं. जंतू मरायला कमी आणि शिकायला पुरेसं. तो रात्री अंगणात झोपायचा, मुलं त्याच्या गळ्यात हात टाकून बसायची. तशी किती भगुली मी भरवली असतील, देव जाणे. हल्ली गोठ्यावर जातो तेव्हा वाक्य बदललंय: ते दूध डेअरीला नाही, कुत्र्याला नाही, वासरालाही नाही, लांब खड्ड्यात.

तुमच्याकडे गाय नाही, ठाऊक आहे. पण तुमच्या प्रश्नात ब्रुनो काय खातो, हे कुठंच लिहिलेलं नाही, आणि माझी शंका तिथंच आहे. सांगलीत लॅब्रेडॉर पाळणाऱ्या दहा घरांना विचारलं तर निम्म्यांकडे तरी चिकनच्या दुकानातलं ‘वेस्टेज’ येतं. “कुत्र्यासाठी द्या” म्हटलं की दुकानदार काउंटरखालून पिशवी काढतो. पाय, मुंडकी, कातडं, कधी आतडीसुद्धा. ती पिशवी स्कुटीच्या डिकीत गळते, मग ओट्यावर येते, सिंकमध्ये धुतली जाते, त्याच सुरीनं तुकडे होतात आणि तीच सुरी विसळून कोथिंबिरीवर चालते. कुत्र्याच्या तोंडात जायच्या आधी ते जंतू तुमच्या स्वयंपाकघराला भेटून गेलेले असतात. ‘कच्चं नैसर्गिक असतं’ म्हणून काही जण ते उकडतही नाहीत. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या शौचात ईएसबीएलवाले जंतू जास्त सापडतात, हे युरोपातल्या एकाहून अधिक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. फ्रीजरमध्ये ठेवल्यानं ते मरत नाहीत, झोपतात. उकळल्यानं मरतात. खळखळून उकळी, आतला गुलाबी रंग जाईपर्यंत, आणि मग हाडं काढून टाकायची, कारण शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. ब्रुनोला असं काही कच्चं जात असेल तर आजपासून बंद. या उत्तरातली एकच गोष्ट पाळायची म्हणालात तर ही पाळा.

आता शेजाऱ्यांच्या मुद्द्याकडे. कुत्र्याकडून माणसाला हे जंतू जातात का? जातात. फिनलंडमध्ये २०१५ साली एकाच घरातल्या दोन कुत्र्यांच्या चिघळलेल्या कानांत एनडीएमवाला ई. कोलाय सापडला आणि घरातल्या एका माणसाच्या पोटातही तोच निघाला. कोण कुणाकडून घेऊन आलं, हे अशा वेळी छातीठोक सांगणं अवघड. अमेरिकेत २०१६ ते २०१८ दरम्यान पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या पिल्लांपासून शंभराहून जास्त लोकांना कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झाले, आणि तो जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हता. तपासणाऱ्यांनी १४९ पिल्लांच्या नोंदी पाहिल्या तर १४२ पिल्लांना कधी ना कधी अँटिबायोटिक दिलेलं होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त पिल्लांना तर आजारी नसताना, ‘आधीच दिलेलं बरं’ म्हणून. म्हणजे वाट आहे, ती खरी आहे.

पण वाट किती रुंद आहे, हेही बघायला हवं. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या एका अभ्यासात, समाजातल्या निरोगी लोकांच्या पोटात हे जंतू येतात कुठून याचा हिशोब मांडला गेला. साधारण ६० टक्के वाटा माणसाकडून माणसाला. अन्नातून सुमारे १९ टक्के. घरातली कुत्री-मांजरं सुमारे ८ टक्के. आपल्या सांगलीला तो आकडा जसाच्या तसा चिकटवू नका. त्यांच्याकडे गटारं झाकलेली आहेत, पिण्याचं पाणी नळातून निर्धास्त येतं, आणि कृष्णामाईसारखी नदी २०१९ आणि २०२१ ला घरात येऊन मैल्याचं आणि पिण्याचं पाणी एक करून गेलेली नाही. आपल्याकडे माणूस, पाणी आणि अन्न यांचा वाटा जास्तच असणार, असं माझं मत. याला आधार देणारा दुसरा एक डच अभ्यास २०१७ चा आहे: परदेशी फिरायला जाऊन आलेल्यांचं शौच आधी-नंतर तपासलं. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या भागात येऊन गेलेल्या दर चारपैकी तीन जणांच्या पोटात परतताना ईएसबीएलवाले जंतू होते, जे जाताना नव्हते. त्या सगळ्यांनी काही इथली कुत्री कुरवाळली नसणार. आपलं पाणी प्यायले, आपलं जेवण जेवले.

याचा सरळ अर्थ असा की तुमच्या घरात उद्या सगळ्यांचं शौच तपासलं, तर ब्रुनो एकटा सापडेल याची खात्री नाही. सासूबाई तर किमोसाठी रुग्णालयात ये-जा करताहेत, सलाइन, अँटिबायोटिक, कदाचित भरती. त्यांच्या पोटात हे जंतू आधीपासून असणं मुळीच अशक्य नाही, आणि ब्रुनोला ते त्यांच्याकडून मिळालेले असणंही. माझ्याकडे मिरजेचा एक लॅब्रेडॉरच होता, त्याच्या लघवीतला ई. कोलाय आणि घरातल्या आजोबांच्या लघवीतला ई. कोलाय, दोन्ही अहवाल शेजारी ठेवले तर आर-एसची यादी ओळीनं ओळ सारखी. आजोबांना प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर नळी होती आणि पिशवी रिकामी करायचा टब बाथरूममध्ये खालीच असायचा. कुत्रा त्यातून पाणी प्यायचा. यादी सारखी म्हणजे जंतू तोच असं सिद्ध होत नाही, ते जनुकं तपासून ठरतं. पण मी त्या दिवसापासून कुत्र्याच्या केसपेपरवर घरातल्या माणसांचे आजारही लिहून घेतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं शेजाऱ्यांचं चाललंय. ब्रुनो अगदीच संन्यासी नाही, पण फाशीचा हक्कदारही नाही. आणि पाळलेलं कुत्रं उपाशी-तहानलेलं राहील असं कुठंतरी नेऊन टाकणं १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या कायद्यानं गुन्हा आहे. जाता जाता: कुत्र्याकडून माणसाला मरण येतं ते मुख्यतः रेबीजनं. ब्रुनोची लस वेळेवर आहे ना, हे आज कार्ड काढून बघा. शेजाऱ्यांच्या मुलाला बाहेरचं कुत्रं चावलं तर हळद-चुना न लावता पंधरा मिनिटं साबणानं धुऊन दवाखान्यात न्यायला सांगा. त्यांच्या भीतीचा उपयोग तिथं होईल.

मेरोपेनेम का नाही, ते आता कळायला सोपं. ब्रुनोच्या पोटात जंतू राहायला आलेत, त्यांनी ब्रुनोला आजारी पाडलेलं नाही. आतड्यातले राहायला आलेले जंतू अँटिबायोटिक देऊन ‘साफ’ होत नाहीत. चार दिवस कमी होतात, मग उरलेल्यांतून आणखी हट्टी वर येतात, आणि या खेपेला जो वर येईल त्याच्यापुढे मेरोपेनेमलाही आर असू शकेल. त्याच घरात किमो चालू असलेल्या बाईंना उद्या ताप आला तर त्यांच्या डॉक्टरांच्या हातात कदाचित तेच औषध शेवटचं असेल. ते ब्रुनोच्या जुलाबावर उधळायचं नाही. एवढ्यासाठीच कार्बापेनेम (मेरोपेनेमचं घराणं) आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं (सेफ्ट्रायॅक्सोन त्यातलंच) औषध कायद्याच्या एच-१ अनुसूचीत टाकलेली आहेत, दुकानदारानं चिठ्ठी बघून वहीत नोंद करायची. प्रत्यक्षात किती नोंदी होतात ते आपण सगळे जाणतो. कोलिस्टिनचं तेच झालं: कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळत राहिलो, ते माणसाच्या शेवटच्या औषधांपैकी आहे हे लक्षात आल्यावर २०१९ मध्ये अन्न देणाऱ्या प्राण्यांत त्यावर बंदी आली. ॲमिकासिनही नको, त्याचा मूत्रपिंडावर ताण येतो आणि इथं त्याचं कामच नाही.

सासूबाईंविषयी नीट वाचा. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या काळात रक्तात जंतू शिरतात ते बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून. म्हणून त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना ब्रुनोच्या अहवालाची प्रत दाखवा आणि सांगा, घरातल्या कुत्र्यात हे सापडलंय. दडवू नका, लाजू नका. ताप आला तर पहिलं औषध कोणतं सुरू करायचं, हे ठरवताना त्यांना ही माहिती कामाची असते. किमो चालू असताना ताप म्हणजे घरी पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची गोष्ट नाही, हे त्यांनी सांगितलं असेलच. त्या दिवसांत ब्रुनोनं त्यांचं तोंड, हात, सलाइनची जागा किंवा छातीतला पोर्ट चाटायचा नाही. त्यांच्या पलंगावर झोपायचं नाही. ब्रुनोची शी त्यांनी उचलायची नाही, भांडं धुवायचं नाही. पण संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसल्या, ब्रुनो पायाशी बसला, त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि मग साबणानं हात धुतले, तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. किमोच्या दिवसांत माणसं भेटायला येईनाशी होतात. कुत्रं येतं. ते काढून घेताना त्यांना एकदा विचारा. त्यांचे डॉक्टर मात्र याहून कडक बोलले तर त्यांचं ऐका, माझं नाही.

बाळाचं जरा वेगळं. ईएसबीएलवाला ई. कोलाय बाळाच्या पोटात गेला तरी बहुधा तो तिथं गुपचूप राहतो आणि काही महिन्यांत मागे पडतो. त्या डच प्रवाशांत निम्म्यांच्या पोटातून तो महिनाभरात गेलेला होता, वर्षानंतर साधारण अकरा टक्क्यांत उरला होता. अडचण कधी येते? बाळाला लघवीचा संसर्ग झाला तर. बिनकारणाचा ताप दिसला तर बालरोगतज्ज्ञांना अहवाल दाखवा, एवढंच. खरं सांगायचं तर रांगत्या बाळाला मला ब्रुनोकडून जास्त भीती वाटते ती जंतांची, आणि जुलाबाच्या इतर जंतूंची. ब्रुनोचे जुलाब पूर्ण थांबेपर्यंत बाळ रांगतं ती फरशी आणि ब्रुनो बसतो ती फरशी वेगळी ठेवा. एक खोली त्याला बंद, एवढं केलं तरी पुष्कळ. बाळाच्या हातातली पोळी ब्रुनो आणि ब्रुनोनं चाटलेली पोळी बाळ, हा जो प्रेमळ व्यवहार घराघरांत चालतो तो सध्या थांबवा.

घरात काय करायचं ते फार नाही, पण रोज करायचं आहे. शी झाली की लगेच, वाळायच्या आधी, कागदानं किंवा पिशवीत हात घालून उचलायची. आपल्याकडे सकाळी पाइप लावून अंगण धुतात ना, तिथं चूक होते: शी न उचलता पाण्याचा फवारा मारला की ती पायरीपर्यंत, तुळशीपर्यंत, बाळाच्या वाळत घातलेल्या दुपट्यापर्यंत उडते. आधी उचला, मग साबणाच्या पाण्यानं घासा, मग हवं तर ब्लीचिंगचं पाणी. मळ तसाच ठेवून वरून ओतलेलं जंतुनाशक मळातच संपतं. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात ती पुरायची नाही. ब्रुनोचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, बाहेरच्या नळावर धुवा, त्याची घासणी वेगळी. जेवायच्या आधी आणि बाळाला घ्यायच्या आधी सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे, ब्रुनोला हात लावला असो वा नसो, कारण मघाशी सांगितलं तसं मोठा वाटा माणसांचा आहे. दारात सॅनिटायझरची बाटली उरली असेल तर तीही चालेल, या जंतूवर अल्कोहोल काम करतं. ब्रुनोला डेटॉलनं आंघोळ नको. जंतू आतड्यात आहेत, कातडी विनाकारण कोरडी होईल.

घरातल्या औषधाच्या डब्याकडेही एकदा बघा. सासूबाईंच्या उरलेल्या गोळ्या, बाळाचं अर्धं उरलेलं सिरप, ब्रुनोच्या जुन्या कोर्सच्या दोन पट्ट्या. ‘परत जुलाब झाले तर अर्धी देऊ’ म्हणून ठेवलेलं सगळं बाजूला काढा.

पुन्हा कल्चर करून ‘गेला का’ बघायचं का? नको. हे जंतू कुत्र्याच्या शौचात एका महिन्यात दिसतात, पुढच्यात दिसत नाहीत, पुन्हा दिसतात. एक निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त व्हाल आणि एक पॉझिटिव्ह आला की पुन्हा मला रात्री साडेअकराला फोन. अहवालाची प्रत मात्र जपून ठेवा. ब्रुनोला कधी लघवीचा त्रास झाला, जखम चिघळली, शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना ती आधी दाखवायची, आणि तेव्हा सुईनं थेट मूत्राशयातून लघवी घेऊन किंवा जखमेतून कल्चर करून औषध ठरवायचं. तेव्हा अँटिबायोटिकला माझी ना नसेल. पार्व्होतलं रक्ती हगवणीचं पिल्लू, पू झालेलं गर्भाशय, तापानं फणफणलेलं कुत्रं, यांत मी हात आखडत नाही.

राहिले मूळ जुलाब, जे या सगळ्या गोंधळात बाजूलाच पडले. चार वर्षांच्या, खात्या-पित्या लॅब्रेडॉरला दोन महिने येऊन-जाऊन जुलाब म्हणजे मी आधी जंत, जिआर्डिया (आतड्यातला एकपेशीय परजीवी) आणि आहार बघतो. जिआर्डिया रोज पडत नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली. सोबत जंताचं औषध. आणि दोन ते तीन आठवडे एकच आहार: उकडलेलं चिकन आणि मऊ भात, किंवा पोटासाठीचं तयार खाद्य. त्यात बिस्कीट नाही, दूध नाही, सासऱ्यांच्या ताटातली भाकरी नाही, शेवटचा घास तर नाहीच. जुनाट जुलाबाच्या कुत्र्यांत पुष्कळशी नुसत्या आहारबदलानं सुधारतात, औषधाविना. ताक-दही दिलं तर चालेल, पण त्यानं ईएसबीएल ‘धुऊन’ जाईल अशी आशा नको. तीन आठवड्यांत फरक नाही पडला, वजन उतरलं, शौचात रक्त आलं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर मग रक्तातली प्रथिनं, बी-१२, स्वादुपिंडाची चाचणी आणि पोटाची सोनोग्राफी.

सोमवारी माझ्या दवाखान्यात येताना ब्रुनोला सकाळी खायला देऊ नका, वजन आणि साधी रक्ततपासणी दोन्ही होईल. शौच ताजं, त्या दिवशीचं, अंगठ्याच्या पेराएवढं पुरे. झाकणाच्या कोरड्या डबीत आणा, फ्रीजमध्ये ठेवू नका. आणि डबी परत नेऊ नका. मागे एका गृहस्थांनी लोणच्याची छान काचेची बरणी आणली होती आणि जाताना मागून घेतली.